संशोधनाचे पेढे

कार्तिक लागला की ग्वाल्हेरच्या बाजारात पहिली फुलकोबी येते, आणि दरवर्षी मी ती हातात घेऊन उलटी करते, देठाशी नाक नेऊन वास घेते. भाजीवाला म्हणतो, "अम्मा, गोभी है, इत्र की शीशी नहीं." नव्वदीला टेकलेल्या बाईने भर बाजारात कोबी हुंगावी याची त्याला गंमत वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटते. वासावरून काही कळत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. ते ज्यांनी शिकवलं त्या फार मोठ्या होत्या. पण सवय ती सवय.

हे दिवसच तसे असतात. टोपी बाजाराच्या अंगाने गजक कुटल्याचा आवाज यायला लागतो, तिळागुळाचा खमंग वास जिना चढून घरात येतो, गच्च्यांवर रजया उन्हात पडतात. ऊन आता टाळावंसं वाटत नाही, त्यात पाठ देऊन बसावंसं वाटतं. बसले की माझं मन एकाच हंगामाकडे जातं, छप्पन सालच्या. त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य बरोबरच आलं. दिवाळीचं काय करायचं ते ग्वाल्हेरला माहीत होतं. नव्या राज्याचं काय करायचं ते मात्र कळेना, कारण आतापर्यंत निदान हिवाळ्यापुरती तरी राजधानी इथे होती, आणि आता कचेऱ्याच्या कचेऱ्या खुर्च्या-टेबलांसकट भोपाळला निघाल्या होत्या.

परवा माझी नात ईशा आली होती. ती शहराचं सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रात नोकरीला आहे, आणि तिची मराठी अशी आहे की वाक्य माझ्याकडून निघतं आणि मधल्याच कुठल्या स्टेशनवर गाडी बदलतं. म्हणाली, "आजी, पाणी इतकं क्लीन होऊन निघतं ना, बघायला एकदम साफ. पण त्यात असे बॅक्टेरिया आहेत कि कोई दवाई उन पर असर ही नहीं करती." मग तिने सांगितलं की हे जंतू त्या टाक्यांतून एकमेकांच्या अंगाशी येतात आणि औषधाला दाद न देण्याची युक्ती एकमेकांना देऊन टाकतात, अगदी परक्या जातीच्या जंतूलासुद्धा. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका लोणच्याची कृती एकमेकींना देतात तसंच की, असं मी म्हटलं. तिला ते पटलं. मग मी हसायला लागले, तेव्हा तिने विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, यातली अर्धी बातमी मी तुझ्या आत्याआजीच्या तोंडून ऐकलेली आहे, तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता.

ईशाची आत्याआजी म्हणजे माझी नणंद, कुसुम. मी त्यांना वन्सं म्हणत असे.

मी मूळची साताऱ्याची. त्याच छप्पन साली वैशाखात लग्न होऊन इथे आले आणि पहिले चार महिने माझे भाषा समजून घेण्यातच गेले. मराठीच घर, मराठीच माणसं, पण इथे थंडी वाजत नाही, लागते. दूध नासत नाही, फाटून जातं. आमच्या ह्यांनी जिन्याखालून "मी येऊन राहिलो आहे" असं ओरडून सांगितलं की मला वाटायचं, येऊन कुठे राहणार आहेत हे, घर तर इथेच आहे. मी हसले की हे रागवत. म्हणत, पूर्वज दख्खनेतून दरबारात कारकुनी करायला आले त्याला किती पिढ्या झाल्या, एवढं मराठी टिकवलं हेच पुष्कळ. ते खरंही होतं. त्या दरबारी वैभवातलं आता घरात काही उरलं नव्हतं. बाजारामागच्या गल्लीत, जिन्यावरच्या दोन खोल्या आणि एक गच्ची, आणि दारी आलेल्या लहान मुलालासुद्धा 'आपण' म्हणायची सवय. आईवडील लवकर गेले. ह्यांना वन्संनीच वाढवलं, शिकवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. "राहून गेलं" हा त्यांचाच शब्द. त्यात खंत मला कधी ऐकू आली नाही.

वन्सं मुंबईला राहून जंतुशास्त्र शिकल्या होत्या. गावाच्या कंपू नावाच्या भागात, इस्पितळापासून थोड्या अंतरावर एक छोटी सरकारी प्रयोगशाळा होती, तिथे त्या काम करत. उंच, सावळ्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, पदर खोचलेला, आणि अंगाला कायम स्पिरिटचा वास. हात धुवायला बसल्या की घागर संपे. न उकळलेलं पाणी कुणी प्यायलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरे. मग तो पाहुणा असो नाहीतर भटजी. आणि गोडाचा असा सोस की श्रीखंडाचं पातेलं मला लपवून ठेवावं लागे. इतकी शिकलेली बाई मांजरासारखी स्वयंपाकघरात येते आणि बोटाने चक्का चाखते, हे पाहून माझी भीड चेपली. मला त्या फार आवडायच्या. पहिल्या दिवसापासून आवडल्या.

त्यांचं काम मला त्यांनीच दाखवलं. काचेच्या चपट्या थाळ्या असत. आगर, म्हणजे समुद्रशेवाळाची भुकटी, शिजवून त्या थाळ्यांत ओतायचं, ते खरवसासारखं घट्ट होतं, त्यावर पाण्याचा थेंब पसरायचा आणि थाळी उबेच्या पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी थेंबातल्या एकेका जंतूचा ठिपका झालेला दिसतो, मोहरीएवढा. वन्सं प्रत्येक नमुन्याच्या दोन थाळ्या करत. एक साधी, आणि एकीत स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेलं. ते तेव्हा नवं औषध होतं, क्षयाच्या माणसांना उठवून बसवणारं, आणि लोक त्याचं नाव देवाचं घ्यावं तसं घेत. औषधाच्या थाळीत ठिपके उठले, तर समजायचं, हे जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत.

आणि ते उठत होते. इस्पितळाच्या नाल्यातल्या पाण्यात उठत होते, हे एक वेळ ठीक. पण तो नाला शहराबाहेरच्या टाकीला मिळत होता. तिथे घाण पाणी आधी थांबून निवळे, मग खडीच्या जाड थरावरून झिरपे आणि पुढे पाटाने भाजीच्या मळ्यांना जाई. त्या टाकीचं गावाला भारी कौतुक होतं. मी वन्संबरोबर तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला पदर लावूनच टांग्यातून उतरले. एका टोकाला श्वास घेववेना, पण खडीवरून झिरपून आलेल्या पाण्याला चक्क ओल्या मातीचा वास होता. मी पदर खाली घेतला आणि म्हटलं, किती छान साफ होतं हो. वन्सं म्हणाल्या, नाकाचं ऐकू नकोस, नाक फसतं. पाणी खरोखरच पुष्कळ साफ झालेलं असे, साध्या थाळीत ठिपके फार कमी दिसत. पण जे उरत त्यातले बरेचसे औषधाच्या थाळीतही मजेत वाढत. त्या पाण्यावरचा मुळा आणि कोथिंबीर लोक कच्ची खात होते.

वन्संनी रिपोर्ट लिहिला. त्यातलं एक वाक्य असं होतं की टाकीतून निघालेल्या पाण्यात नव्या औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहतात आणि ते बहुधा इस्पितळातून येतात. आता हे वाक्य नेमकं अशा वेळी आलं की नव्या राज्याला आणखी गावांत अशाच टाक्या बांधायच्या होत्या, याच टाकीचा नमुना पुढे ठेवून. प्रयोगशाळाही भोपाळला जायची होती आणि तिथे तिला प्रमुख नेमायचा होता. ती जागा वन्संना मिळावी असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांनाही वाटत होतं. एरवी स्वतःसाठी काही न मागणारी ही बाई त्या जागेबद्दल मात्र मोकळेपणाने बोले. म्हणे, तिथे मला मोठी उबेची पेटी मिळेल, दोन माणसं हाताखाली मिळतील, मग सगळ्या राज्याचं पाणी तपासेन. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसे ते मी माझ्या नव्या साड्या पाहताना आरशात पाहिलं होतं.

जागा कुणाला द्यायची हे दुबे साहेबांच्या हातात होतं. ते जबलपूरकडचे डॉक्टर, नव्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर नेमलेले. दिवाळीच्या जरा आधी त्यांनी येऊन प्रयोगशाळा पाहिली, रिपोर्ट वाचला. त्या दिवशी वन्सं परत आल्या त्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. फूलबागेवरून मुद्दाम टांगा वळवून आणलेले पेढे. जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत वाटले, टांगेवाल्यालाही दिले. साहेबांनी काय म्हटलं ते आम्हाला त्यांचा आवाज काढून सांगितलं: "बहुत परिश्रम किया है आपने. बस, इस वाक्य का थोड़ा संशोधन कर लीजिए. भोपाल जाने से पहले मैं फिर आऊँगा."

"संशोधन करून घ्या म्हणाले," वन्सं म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कुण्या साहेबाने मला असं म्हटलं नव्हतं. सगळे म्हणतात, काम आटपा."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संशोधन सुरू केलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाक्यात 'बहुधा' हा शब्द आहे, साहेबांचा आक्षेप त्या शब्दावर असणार, आणि तो अगदी बरोबर आहे. जंतू इस्पितळातूनच येतात हे दाखवायचं तर इस्पितळाच्या वरच्या अंगाला नाल्याचं पाणी तपासायला हवं. तिथेही हेच जंतू निघाले तर इस्पितळाचा काही दोष नाही, आणि मग ते वाक्य मी स्वतः खोडीन, असं त्या ह्यांना म्हणाल्या. मग सकाळी सकाळी आम्ही निघायचो. एकट्या बाईने नाल्याकाठी हिंडणं लोकांना खुपतं, दोघी असल्या की कुणी विचारत नाही, म्हणून मी बरोबर. उकळून घेतलेल्या, कापसाचं बूच लावलेल्या बाटल्या, बादलीत बर्फ. धुकं जमिनीवर बसलेलं असे आणि वर किल्ला नुसता हवेत टांगलेला दिसे. वन्सं काठावर उकिडव्या बसत, दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडत, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांचा चेहरा तेव्हा इतका शांत होई की मला देवघरातल्या बाईला पाहिल्यासारखं वाटे. आजूबाजूला घाण, वास, डुकरं. आणि ही बाई त्यात तल्लीन.

ते दिवस किती सुखाचे होते. दिवाळी झाली, नव्या राज्याची रोषणाई झाली, आणि संध्याकाळी हे कचेरीतून येताना रोज एक नवा शब्द घेऊन येऊ लागले. ह्यांचं खातं ग्वाल्हेरातच राहणार होतं, पण भाषा बदलायची होती. इथली दरबारी हिंदी उर्दूच्या वळणाची. अर्ज म्हणजे दरख्वास्त, तपासणी म्हणजे मुआयना. आता नव्या शुद्ध हिंदीत सगळं लिहायचं, म्हणून नव्या शब्दांची बाडं आली होती, अक्षरवार, आणि ती कारकुनांना थोडी थोडी पाठ करायला देत. आम्ही जेवताना हे म्हणत, आज 'आवेदन'. मग काही दिवसांनी, आज 'निरीक्षण'. वन्सं आणि मी खूप हसायचो. मी म्हणे, ही तर माझीच भाषा शिकता आहात तुम्ही, साताऱ्याला मला पाठवलं असतंत तर आधीच आणून दिली असती.

मग ह्यांचं 'स' आलं.

रविवार होता. मी मटार-भात केला होता. हे पानावर बसले पण नेहमीसारखं शब्द सांगेनात. दोन घास खाल्ले आणि बहिणीला म्हणाले, "जिज्जी, दुबे साहेब नेमकं काय म्हणाले होते?"

वन्संनी पुन्हा सांगितलं, आवाज काढून.

"जिज्जी, त्यांच्या हिंदीत संशोधन म्हणजे तरमीम. दुरुस्ती. ते म्हणाले, वाक्य दुरुस्त करून टाका. म्हणजे काढून टाका."

वन्संचा हात पानावरच थांबला. इतक्या वर्षांची हिंदी त्यांची, पण ती 'तरमीम'वाली. हा शब्द हिंदीत त्यांनी ऐकलाच नव्हता, आणि मराठीत तर त्यावर त्यांचा जन्म गेला होता. ह्यांना त्यांनी विचारलं, पक्कं का. हे म्हणाले, पक्कं. मग वन्संनी पानाकडे बघत विचारलं, "मग मी पेढे कशाचे वाटले?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या मात्र हसल्या नाहीत. हात धुऊन गच्चीवर जाऊन बसल्या, आणि हे त्यांच्या मागे गेले. आईसारख्या बहिणीला समजावणं ह्यांना जन्मात जमलं नव्हतं, त्या दिवशी मात्र ह्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. म्हणाले, एक ओळ आहे, काढून टाक. भोपाळला जा, खुर्चीवर बस, मग काय ते तपास. कुणाला कळायचं आहे. जागा गेली तर ती परत येणार नाही, आणि ओळ काय, पुन्हा लिहिता येईल. ह्यांचं चुकत नव्हतं. मलाही मनातून तेच वाटत होतं, कारण वन्संना त्या खुर्चीवर बसलेलं मला पाहायचं होतं.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती ओळ म्हणजेच रिपोर्ट आहे रे. बाकी सगळं पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाटल्या उकळायला ठेवल्या आणि मला विचारलं, "येतेस का?"

आज इतक्या वर्षांनी मला सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते. शब्द चुकीचा ऐकून माणूस धडाडीने काम करतो, त्यात काय मोठंसं. पण बरोबर अर्थ कळल्यावर, समोर काय जाणार आहे ते दिसत असताना, तीच बाटली तशीच उकळून तशीच दोरी बांधायची, हे मला कधी जमलं नसतं. मी हे नम्रपणाने म्हणत नाही. मी साधी चार माणसांत जगणारी बाई, मला चार माणसांचा धाक फार. वन्संनाही धाक होता, त्यांची झोप उडाली होती, त्या आठवड्यात श्रीखंडाच्या पातेल्याला त्यांनी हात लावला नाही. पण काम एक दिवस चुकलं नाही.

तोवर प्रयोगशाळा बांधाबांध करायला लागली होती. पेंढा भरलेल्या पेट्या, सुतळी, खोक्यांवर काळ्या शाईने 'भोपाल'. हमाल उबेची पेटी न्यायला आले त्या दिवशी आत शेवटच्या थाळ्या होत्या. वन्सं पेटीपुढे स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या की आज नाही, उद्या. हमालांनी विचारलं, आत काय आहे. त्यांनी सांगितलं, जंतू आहेत, मोठे होऊन राहिले आहेत. मग ते बिचारे व्हरांड्यात उन्हात बसून शेंगदाणे खाऊ लागले. मी वन्संना हळूच म्हटलं, पेटी जाऊ द्या, थाळ्या घरी नेऊ, आमच्याकडे थंडीत दही लागावं म्हणून पातेलं पिठाच्या डब्यात खोल ठेवतात, चांगली ऊब राहते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. न उकळलेल्या पाण्यावरून भटजींना बोलणारी बाई, नाल्यातले जंतू घराच्या पिठात ठेवू देणार होती का?

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा मी शेजारी होते. टाकीतून निघालेल्या पाण्याची औषधाची थाळी ठिपक्यांनी भरलेली होती. इस्पितळाच्या खालच्या पाण्याची तर विचारू नका. मग त्यांनी वरच्या पाण्याची थाळी उजेडाला धरली. ती स्वच्छ होती, नुसतं पिवळसर आगर. वन्संनी ती फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मग थांबल्या. काठाशी एक ठिपका होता. एकच.

मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय. त्यांनी बसून सगळं लिहून काढलं, आणि तो ठिपकाही लिहिला.

दुबे साहेब आले तेव्हा मी डबा घेऊन गेले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं. मोठ्या खिडकीखाली एकच टेबल राहिलं होतं, बाकी सगळं पेट्यांत. साहेब गोरे, बुटके, गळ्यात मफलर. त्यांनी विचारलं, "संशोधन हो गया?" वन्सं म्हणाल्या, हो गया, आणि रिपोर्ट पुढे केला. साहेबांनी वाचला. मग चष्मा काढला.

"वाक्य तो वहीं है. बल्कि 'संभवतः' निकल गया और दो वाक्य जुड़ गए."

वन्सं उभ्याच होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. मराठीत या शब्दाचा अर्थ काय, त्यांनी काय ऐकलं, पेढे कसे वाटले, तेसुद्धा. आणि मग, जे सांगायची काही गरज नव्हती, तेही सांगितलं: "बाद में भाई ने बताया कि आपका मतलब दूसरा था. फिर भी मैंने यही किया. आपसे झूठ नहीं कहूँगी."

साहेबांनी थाळ्या बघायला मागितल्या. एकेक करून उजेडाला धरल्या. माणूस शिकलेला होता, बघायचं कसं ते त्यांना माहीत होतं. वरच्या पाण्याच्या थाळीपाशी ते खूप वेळ थांबले. मग म्हणाले, "यह एक क्यों है?"

"मालूम नहीं."

"इसे छोड़ देतीं तो आपकी बात और पक्की लगती."

"है, इसलिए लिखा है."

साहेबांनी थाळी खाली ठेवली. बाहेर हमाल पेट्या चढवत होते, त्यांचं एक-दोन-तीन ऐकू येत होतं. मला वाटलं आता हे रिपोर्ट परत करणार. त्यांनी पेन काढलं, वरच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'संशोधित प्रति', आणि खाली सही केली.

"भोपाल में सब इसे मेरे अर्थ में समझेंगे," ते म्हणाले, "तो रोकेगा कोई नहीं. जब तक पढ़ेंगे, तब तक स्वीकार हो चुकी होगी." मग मफलर नीट केला आणि जरा थांबून म्हणाले, "कुर्सी का वचन मैं नहीं दे सकता. यह पढ़ने के बाद वे मुझसे भी पूछेंगे."

वन्सं म्हणाल्या, जी. एवढंच.

ती खुर्ची त्यांना मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला मिळाली, त्यांच्याहून वयाने लहान, आणि वन्संना त्यांच्या हाताखाली नेमलं. इस्पितळाच्या नाल्याचं तोंड मळ्यांच्या पाटापासून वळवायला बराच काळ गेला, पण वळलं. नव्या गावांतल्या टाक्यांना आधी नुसता खडीचा थर होता तिथे पुढे मोठे तलाव जोडले, पाणी जास्त दिवस उन्हात राहावं म्हणून. त्यात वन्संच्या त्या वाक्याचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. ईशाला विचारलं तर ती म्हणते, आजी, तलावातसुद्धा ते पूर्ण नाही मरत, काम अजून चालूच आहे. मी तिला म्हणते, मग करून घे, संशोधन करून घे. तिला वाटतं मी सहज म्हणते.

वन्सं भोपाळला निघाल्या ती सकाळ मात्र सांगायलाच हवी. स्टेशनवर आम्ही तिघेच होतो. हे सामान चढवायला आत गेले. कडाक्याची थंडी, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. मी खाली वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला उठवून जवळ घेतलं, जे त्या कधी करत नसत. त्यांच्या शालीला स्पिरिटचा वास येत होता. मला राहवेना. मी विचारलं, वन्सं, त्या दिवशी साहेबांपुढे तुम्हाला भीती नाही वाटली?

त्यांना हसू आलं. "वाटली ना. पाय लटपट करून राहिले होते, तुला दिसलं नाही?"

मग त्या पायरी चढल्या, दारात उभ्या राहून पदर खोचला आणि मला, एखाद्या लहान मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "पण सुधा, ते जंतू तिथे होते. मी नाहीत असं कसं लिहू?"